‘लाईट-पाणी धरून’ घेतल्या जाणाऱ्या भाड्याचा हिशेब लेखी मिळावा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
पुणे.

विषय : पेठांमध्ये ‘कॉट बेसिस’वर राहणाऱ्या विद्यार्थ्यांना नोंदणीकृत करार, वीजबिलाचा खुलासा व डिपॉझिटचा परतावा मिळण्याबाबत.

महोदय,

आम्ही सदाशिव, नारायण, शनिवार व नवी पेठेत राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे आणि महाविद्यालयांत शिकणारे विद्यार्थी आहोत. आमच्यापैकी बहुतेकांना खोली परवडत नाही, कॉट परवडते. ‘लाईट-पाणी, वायफाय सगळं धरून’ असा एक आकडा तोंडी सांगितला जातो, डिपॉझिट दिले की व्यवहार झाला. आकडा मोठा आहे म्हणून हे निवेदन नाही; पेठेतल्या जागेचा भाव आम्हीही जाणतो. त्या आकड्यात काय काय धरले आहे, हे मात्र कुठेच लिहिलेले नसते.

उन्हाळा लागला की ‘सगळं धरून’मधून वीज हळूच बाहेर पडते. बिल वाढले म्हणून माणशी जादा पैसे मागितले जातात, बिल दाखवले जात नाही. महावितरणच्या घरगुती दरात 100, 300 व 500 युनिटचे टप्पे आहेत आणि पुढच्या टप्प्यातले युनिट महाग पडते. दहा जणांच्या फ्लॅटला मीटर एकच. महिन्याला 400 युनिट जळाले तर माणशी वाटा 40 युनिटचा, तरी पहिल्या शंभरानंतरच्या 300 युनिटना चढा दर लागतो. यात घरमालकाचा दोष नाही. पण काही जण सब-मीटर बसवून दरही स्वतःच ठरवतात, आणि तो रास्त आहे की नाही हे पडताळायला हाती काही नसते. दिवसभर गिझर चालू ठेवणारे आमच्यातही आहेत. त्यामुळे वापरावर मर्यादा घातली तर हरकत नाही. ती किती युनिटची आणि त्यापुढे दर काय, एवढे आधी लिहून द्यावे. सोबत महावितरणचा ग्राहक क्रमांक दिला, तर बिल आम्हीच ऑनलाइन पाहू. या मागणीला कोणाचाही पैसा खर्च होत नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘तुम्ही पीजी आहात, तुम्हाला करार लागत नाही’ असे उत्तर मिळते. परंतु त्याच कायद्याच्या व्याख्येनुसार पेइंग गेस्ट तो, जो मालक स्वतः राहत असलेल्या जागेच्या एका भागात राहतो. मालक कोथरूडला आणि फ्लॅटमध्ये दहा कॉट, ही व्यवस्था त्या व्याख्येत बसत नाही. पोलिसांना द्यायच्या माहितीसाठी आमचे आधार कार्ड आणि फोटो तत्परतेने घेतले जातात. करारासाठी मात्र कोणालाच वेळ नसतो.

कराराअभावी सर्वाधिक नुकसान स्वाधार योजनेच्या विद्यार्थ्यांचे होते. पुण्यात या योजनेतून वर्षाला 60,000 रुपये मिळतात, त्यातले निवासासाठी 20,000, म्हणजे महिन्याला सतराशेहून कमी. एवढ्यात पेठेत कॉटही मिळत नाही, तो विषय समाजकल्याण विभागाकडे स्वतंत्रपणे मांडू. पण ही रक्कम मिळवायलाही भाड्याने राहत असल्याचा कागद जोडावा लागतो, आणि तोंडी व्यवहारात तो मिळत नाही.

डिपॉझिटबाबत केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरार कायद्यात निवासी जागेसाठी दोन महिन्यांच्या भाड्याची कमाल मर्यादा आहे. राज्यात तो लागू होईल तेव्हा होईल; तोवर रकमेची पावती आणि सोडताना किती दिवसांत, कोणत्या कारणासाठी किती कापून ती परत मिळेल, हे करारात यावे. आमचा मुक्काम आमच्या हाती नसतो. 25 ऑगस्ट 2024 ची राज्यसेवा पूर्वपरीक्षा ऐनवेळी पुढे ढकलली गेली आणि डिसेंबरमध्ये झाली. अशा वेळी ‘अकरा महिने भरले नाहीत’ म्हणून डिपॉझिट बुडू नये. एक महिन्याची पूर्वसूचना पुरेशी मानावी.

तरी आपण सह जिल्हा निबंधक, महापालिका, महावितरण, घरमालक व विद्यार्थी यांची संयुक्त बैठक बोलवावी, कॉटनिहाय कराराचा सोपा मराठी नमुना प्रसिद्ध करावा आणि नवे प्रवेश सुरू होण्यापूर्वी पेठांमध्ये नोंदणीचे शिबिर घ्यावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
पेठ परिसरातील विद्यार्थी
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी :
मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका
मा. सह जिल्हा निबंधक, पुणे
मा. मुख्य अभियंता, महावितरण, पुणे