संकर कोणाच्या हौसेसाठी?

धामण ही नागाची बायको, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. मराठी सासरी ती धामण, कन्नड माहेरी केरेहावु आणि मंचेरियलच्या बाजारात जेर्रिपोतु. नाव बदलले तरी समजूत तीच. शेताच्या बांधावर दोन साप एकमेकांना पीळ घालून उभे राहिले, की नाग-धामणीची जोडी म्हणून लोक लांबूनच हात जोडतात. प्रत्यक्षात ती बहुधा दोन नर धामणींची झुंज असते. नाग आणि धामण ही दोन निराळी कुळे आहेत. त्यांचा वंश एकत्र चालत नाही.

मग सापांमध्ये संकर होतच नाही का? होतो, पण जवळच्या नात्यातल्या जातींत. अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या एका भागात मोहावे आणि प्रेअरी या दोन जातींच्या खुळखुळ्या सापांचे प्रदेश एकमेकांना भिडतात आणि तिथे निसर्गतःच संकरित साप सापडतात. त्यांपैकी काहींच्या विषात आई आणि बाप या दोन्हीकडचे घटक मिळाले आहेत. ही झाली निसर्गाची गोष्ट. माणसाची गोष्ट निराळी. अमेरिका-युरोपात विषारी साप पाळणारे हौशी लोक आहेत. आफ्रिकेतला गॅबून व्हायपर आणि नाकावर शिंगे असलेला ऱ्हायनो व्हायपर यांचा संकर त्यांच्याकडे केला गेला आहे. कृती अवघड नाही. काही आठवडे थंडावा द्यायचा, मग ऊब वाढवायची आणि योग्य वेळी नर-मादी एका पेटीत सोडायचे. जंगलात ज्या नद्या, डोंगर आणि ऋतू दोन जातींना वेगळे ठेवतात, ती कुंपणे पेटीत माणूसच काढून टाकतो. बहुतेक वेळा कारण एकच, नवा रंग आणि नवी नक्षी.

आपला जिल्हा कापसाचा. इथला शेतकरी विचारील, ‘आम्ही संकरित बियाणे पेरतो, संकरित गायीचे दूध पितो, मग सापाचेच एवढे सोवळे का?’ प्रश्न रास्त आहे. पण संकरित बियाण्याचे दोन्ही पालक नोंदलेले असतात, हेतू ठरलेला असतो आणि पिशवीवर नाव छापलेले असते. सापाच्या संकरात यांतले काय असते?

आधी औषधाचे पाहू. आपल्या देशातली सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर बनते. कन्नड घरांत यांतल्या घोणशीला कोळकुमंडल म्हणतात, तर तेलुगू शेजारी रक्तपिंजर. घोड्यांना या विषाच्या अगदी थोड्या मात्रा टोचतात आणि त्यांच्या रक्तात तयार होणाऱ्या प्रतिद्रव्यांपासून औषध काढतात. म्हणजे जे विष घोड्याने पाहिले, त्याच्यावरच बाटली नीट चालते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक सुनगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले आहे, की एकाच जातीच्या नागाचे विषसुद्धा प्रदेशागणिक बदलते आणि एकच लस सगळीकडे सारखी चालत नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. जास्त मृत्यूंच्या राज्यांत तेव्हाचा एकत्रित आंध्र प्रदेशही आहे. जिथे ओळखीच्या विषावरच औषध तोकडे पडते, तिथे हौसेखातर अनोळखी विष निर्माण करणे हा खेळ नव्हे.

संकरातून अधिक चांगले औषध मिळेल, असेही कोणी म्हणतो. तसे नाही. औषधाला शेतात चावणाऱ्या सापाचेच विष लागते. चेन्नईजवळ इरुला आदिवासींची सहकारी संस्था १९७८ पासून हे काम करते. साप पकडायचा, काही आठवडे ठेवून चार वेळा विष काढायचे आणि पुन्हा रानात सोडायचा. त्यात पैदास करावी लागत नाही, संकर तर नाहीच.

आता थोडे अवघड प्रकरण, नागराजाचे. कन्नड घरातली मुले त्याला काळिंग सर्प म्हणून ओळखतात. पाने गोळा करून घरटे बांधणारी आणि अंड्यांवर पहारा देणारी ही मादी. असे घरटे दुसरा कोणताही साप बांधत नाही. १८३६ साली या सापाचे शास्त्रीय वर्णन झाले आणि पुढे जवळजवळ दोन शतके भारतापासून फिलिपाईन्सपर्यंत ही एकच जात मानली गेली. २०२४ मध्ये पी. गौरी शंकर, इंद्रनील दास, वोल्फगांग व्युस्टर आणि सहकाऱ्यांनी तिच्या चार जाती केल्या. सह्याद्रीतल्या जातीला त्यांनी कन्नड लोकांच्या तोंडचेच नाव दिले, ‘काळिंगा’. उत्तर आणि पूर्व भारतातला नागराज ही दुसरी जात.

या एका शोधाने पिंजऱ्यांतला हिशेब बदलला. मंगळुरूच्या पिलिकुळ निसर्गधामात बंदिवासात नागराजाची पिल्ले यशस्वीपणे वाढवली गेली, हे मोलाचे काम आहे. पण पुढे देशात कुठेही नागराजाची जोडी जुळवताना ‘दोन्ही नागराजच ना’ एवढे म्हणून भागणार नाही. नर कुठल्या रानातला, मादी कुठली, हे आधी पाहावे लागेल. प्राणीसंग्रहालयांच्या नियमांत दोन जातींचाच काय, एका जातीच्या दोन उपजातींचा संकरही मना आहे. हा नियम अनुभवातून आला. चंडीगडजवळच्या छतबीडला आशियाई आणि आफ्रिकी सिंहांचा संकर वाढत गेला. शेवटी ती पैदास थांबवावी लागली आणि सिंहांना नसबंदी करून आयुष्य काढू द्यावे लागले. त्यांचा काही अपराध नव्हता. गीरच्या जंगलात त्यांना जागा नव्हती आणि आफ्रिकेतही नव्हती.

म्हणून बंदिवासातल्या प्रत्येक नागराजाचे मूळ ठिकाण वहीत हवे, शरीरात ओळखीची चिप हवी आणि शंका असेल तर डीएनए तपासणी हवी. हैदराबादला अत्तापूरची ‘लॅकोन्स’ ही प्रयोगशाळा अशाच कामांसाठी आहे. अजाणतेपणी संकर झालाच असेल, तर त्या जनावराला मारू नये, नीट सांभाळावे. पण त्याची पुढे पैदास करू नये आणि त्याला रानात सोडू नये.

इथे एक खुलासा केला पाहिजे. ‘संकर’ हा शब्द आपल्या समाजात माणसांवरही शिवीसारखा वापरला गेला आहे. कन्नड आई आणि मराठी बाप असलेल्या घरांना तो टोमणा नवा नाही. पण माणूस ही एकच जात आहे आणि दोन भाषांच्या लग्नात दोन माणसे आपल्या राजीखुशीने एकत्र येतात. सापांबद्दलचे हे म्हणणे शुद्ध रक्ताच्या अभिमानातून आलेले नाही. पेटीतल्या सापाला कोणी विचारत नाही आणि त्याच्या पिल्लाला पुढे घर नसते, एवढीच त्यातली तक्रार आहे.

हे सारे दूरचे वाटेल. नागराज काही आपल्या भागातला साप नव्हे. पण नाग, घोणस आणि मण्यार आपल्या परसात येतात, त्यांना पकडणारे सर्पमित्रही आहेत. पकडलेला साप दूरच्या जंगलात नेऊन सोडला, की पुण्य लागले असे वाटते. प्रत्यक्षात अनोळखी रानात साप भटकत राहतो, आणि फार लांबून आणलेला असेल तर एका मुलखाचे रक्त दुसऱ्या मुलखात मिसळते. तेव्हा वनखात्याला कळवून जवळच्याच योग्य जागी तो सोडणे बरे. कवलचे जंगल ही सापांची धर्मशाळा नव्हे.

आपले साप घरी पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. परदेशी प्राण्यांची हौसही आता मोकळी राहिलेली नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराच्या यादीतील प्राण्यांची आणि त्यांच्या पिल्लांची नोंद करावी लागते, पैदाशीला परवाना लागतो. मोबाईलवर रंगीत सापाचे चित्र दाखवून ‘आपण आणूया का’ असे एखादा मुलगा विचारतो. त्याला नुसते रागावू नये. त्याच्याशेजारी बसून एवढेच विचारावे, ‘हा चावला तर दवाखान्यात कोणती बाटली मागायची?’ उत्तर नसेल, तर तो साप कोणाच्याच घरात असता कामा नये.