मोदकाची पारी आणि घरातले हात

भाद्रपद शुद्ध चतुर्थी उंबरठ्याशी आली आहे. खालापूर तालुक्यातील महड येथे वरदविनायकाच्या दर्शनाला भाविकांच्या रांगा लागतील. रामजी महादेव बिवलकर यांनी १७२५ मध्ये बांधलेले हे देवालय अष्टविनायकांपैकी एक होय. कर्जत-खालापूरच्या घराघरांतून मात्र त्या सकाळी दुसरीच कसोटी लागलेली असते : उकडीच्या मोदकाची पारी साधेल की फुटेल?

‘मोदक’ हा शब्द ‘मुद्’ धातूपासून आला आहे. जो आनंद देतो तो मोदक. सहस्र मोदकांनी यजन करणाऱ्यास वांछित फळ मिळते, असे गणपत्यथर्वशीर्षाच्या फलश्रुतीत म्हटले आहे. ही व्युत्पत्ती आम्ही चाळीस वर्षे पूर्वरंगात सांगत आलो; पारी मात्र कधी वळली नव्हती. तीन वर्षांपूर्वी ऐन चतुर्थीच्या आठवड्यात आमच्या सौभाग्यवतींचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला आणि परातीपुढे आम्हांस बसावे लागले. त्या सांगत होत्या, आम्ही चुकत होतो. एकवीस मोदकांपैकी धड उतरले ते सात.

त्या दिवशी उमगले की पारीलाही तिचे शास्त्र आहे. गव्हातील ग्लुटेन नावाचा चिवट घटक तांदळात नसतो; म्हणून गार पाण्यात भिजविलेली पिठी ताणताच तुटते. उकळत्या आधणात मात्र तांदळातील पिष्ट फुगून चिकट होते व तेच पारीला धरून ठेवते. तांदूळ आंबेमोहोरासारखा सुवासिक असावा; धुऊन, सावलीत वाळवून, बारीक दळून तो चाळावा. वाटीभर पिठीस साधारण वाटीभर पाणी घ्यावे. आधणात चिमूटभर मीठ व चमचाभर तूप घालून पिठी वैरावी, ढवळावी आणि झाकून वाफ आणावी. उकड गरम असतानाच तेलपाण्याच्या हाताने मऊसूत मळावी. कडांना भेगा पडल्या तर मळणे अपुरे राहिले असे समजावे. अंगठे आत, बोटे बाहेर. कड पातळ, तळ किंचित जाड. मग सारण भरून चिमटीने कळ्या पाडाव्यात आणि हळदीच्या पानावर दहा-बारा मिनिटे वाफवावे.

हे सारे वाचावयास चार ओळींचे. परंतु चटके बसतात ते एकाच जोडी हातांना. पहाटेपासून एक गृहिणी चुलीपुढे उभी, आणि बाकीचे घर आरतीनंतर पानावर बसणारे! मोदक म्हणजे आनंद देणारा. पण करणारीच्या वाट्याला केवळ पाठदुखी येत असेल, तर व्युत्पत्ती पाठ असून काय उपयोग? सुना-लेकींनी हे काम सोडून दिले म्हणून आपण हळहळतो. त्यांना कोणी हातभार लावला का, हे मात्र विचारीत नाही.

विकतचे मोदक आणणाऱ्यांना बोल लावण्याचा आमचा हेतू नाही. घरी मोदक करून विकणाऱ्या कित्येक भगिनींचे संसार त्यावर चालतात. तथापि पारीची विद्या पोथीत राहणारी नव्हे. ती हातातून हातात जाते. हात थांबले की विद्याही थांबली.

म्हणून यंदा परातीभोवती सर्वांनीच बसावे. मुलगा, जावई, नातवंडे, साऱ्यांच्या हाती उकडीचा एकेक गोळा द्यावा. पारी फाटली तरी चिंता नको. उकड पुन्हा मळता येते, आणि उरलीच तर हिरवी मिरची, जिरे, कोथिंबीर घालून तिच्या निवगऱ्या होतात. आमचे गेल्या वर्षी एकवीसपैकी सोळा साधले. उरलेल्या पाचांची नाके वाकडी झाली होती. वक्रतुंडास ती खटकली असतील असे वाटत नाही.