बॅग राहू द्या, माणूस बाहेर पडू द्या

रेल्वे आणि टपाल खात्यातल्या आपल्या बंधू-भगिनींना सामानाचे मोल कोणी शिकवायला नको. पार्सल असो की आरएमएसची थैली, ती सांभाळण्यातच आपली उमेद जाते. तरीही आम्ही स्पष्ट सांगतो : संकटात सापडलेल्या विमानातून उतरण्याचा आदेश झाला की प्रवाशाने हातातली बॅगसुद्धा बरोबर घेऊ नये.

४४ पेक्षा जास्त आसनांच्या विमानाला मंजुरी घेताना, निम्मीच दारे वापरून ९० सेकंदांत सर्वजण बाहेर पडू शकतात हे सिद्ध करावे लागते. वरच्या कप्प्यातून बॅग ओढणारा एक माणूस अरुंद वाट अडवतो आणि मागची सारी रांग धुरात उभी राहते. बॅगेच्या कडेने घसरपट्टी फाटली, तर ते दार सर्वांनाच बंद होते.

३ ऑगस्ट २०१६ रोजी तिरुवनंतपुरमहून निघालेले विमान दुबईच्या धावपट्टीवर आपटले. विमानात ३०० जण होते. कर्मचारी ओरडून सांगत असतानाही अनेक प्रवासी बॅगा काढत होते. सर्वजण वाचले खरे. पण सुमारे नऊ मिनिटांनी इंधनटाकीचा स्फोट होऊन अग्निशामक दलाचा एक जवान ठार झाला. त्या क्षणी कॅप्टन आणि ज्येष्ठ केबिन कर्मचारी आतच होते. वाया जाणारा प्रत्येक सेकंद अखेर कामगाराच्याच खात्यावर पडतो, तो असा.

उलट २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपानी प्रवासी विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटले. आठपैकी तीनच दारे वापरता आली. तरी ३७९ जण जिवंत बाहेर आले. बहुतेकांनी सामान जागेवरच सोडले होते. तटरक्षक दलाच्या विमानातले पाचजण मात्र दगावले.

मग बॅगेसाठी थांबणाऱ्याला मूर्ख म्हणून मोकळे व्हायचे काय? आम्हाला ते मान्य नाही. आखातात राबणाऱ्या मजुराच्या बॅगेत पासपोर्ट, नोकरीचे कागद आणि घरी पाठवायची कमाई असते. ती जळाली तर तो परदेशात उघडा पडतो. १९९९ च्या मॉन्ट्रियल करारात भारतही सामील आहे. त्या करारानुसार ताब्यात न दिलेल्या सामानाची भरपाई कंपनीचा किंवा तिच्या नोकरांचा दोष असेल तरच मिळते, आणि तीही ठरलेल्या मर्यादेतच. सामान सोडा हा हुकूम कंपनीचा, नुकसान मात्र प्रवाशाचे, हा न्याय नव्हे.

म्हणून आमची मागणी आहे की, आदेश पाळून सोडलेल्या हातसामानाची भरपाई दोष सिद्ध करायला न लावता मिळावी. अपघातानंतर त्याच दिवशी रोख मदत मिळावी आणि दूतावासाने कागदपत्रे तातडीने द्यावीत. सुरक्षेची सूचना प्रवाशांना समजेल अशा भाषेत व्हावी.

तोवर आपल्या घरचे कोणी विमानाने निघाले, तर त्यांना एवढेच बजावा : उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी पासपोर्ट व पैसे अंगावरच्या खिशात ठेवा. आदेश झाला की हात मोकळे ठेवून दाराकडे चला. तुमच्या मागे कोणाचे तरी मूल आहे, आणि सर्वांच्या मागे ड्युटीवरचा एक कामगार उभा आहे.