बायोस : कारण असेल तरच हात लावा

कळंबसारख्या गावातही आता बिले आणि जीएसटीचा हिशेब संगणकावर गेला आहे. मात्र बटण दाबल्यावर संगणक आधी काय करतो, हे आमच्या बहुतेक व्यापारी व कारागीर बांधवांना ठाऊक नसते. या अज्ञानाची किंमत दुरुस्तीच्या बिलात मोजावी लागते, म्हणून हा विषय.

बटण दाबताच प्रथम जागा होतो तो बायोस. मदरबोर्डवरील एका लहानशा चिपमध्ये हा प्रोग्राम असतो. मेमरी, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत की नाहीत हे तो पाहतो आणि मग विंडोजच्या हाती कारभार देतो. शेठ येण्यापूर्वी शटर उघडून दिवे लावणाऱ्या नोकरासारखे त्याचे काम. 1981 सालच्या आयबीएम पीसीपासून हे नाव रूढ झाले. आजच्या संगणकांत त्याची जागा यूईएफआयने घेतली आहे, पण बोलण्यात बायोसच राहिला.

जुन्या संगणकाची तारीख रोज मागे जाते, बिलावर भलतेच साल छापले जाते, जीएसटीचे संकेतस्थळ उघडत नाही. अशा वेळी बहुधा मदरबोर्डवरची सीआर2032 ही नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. घड्याळ तिच्यावर चालते, आणि तारीख चुकली की ब्राउझर सुरक्षित संकेतस्थळे नाकारतो. बॅटरी बदलण्याआधीच मदरबोर्ड बदलणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी!

दुसरी गोष्ट विंडोज 11 ची. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. संगणक चालणार नाही, नवा घ्या, असा सल्ला मिळाला तर आधी विचारा, बायोसमध्ये टीपीएम आणि सिक्युअर बूट बंद तर नाहीत ना? 2018 नंतरच्या अनेक यंत्रांत ही सोय असते, फक्त सुरू करायची राहिलेली असते.

आता अपडेटबद्दल. नवी आवृत्ती निघाली एवढ्यावरून बायोस बदलू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. बायोस बिघडला तर संगणक सुरूच होत नाही. 26 एप्रिल 1999 रोजी सीआयएच व्हायरसने असंख्य संगणकांचा बायोस पुसला, तेव्हा जगाने हे पाहिले. पण खरे कारण असेल तर टाळूही नये. इंटेलच्या 13 व्या व 14 व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमधील दोषावर 2024 साली उपाय आला, तो बायोस अपडेटमधूनच.

अपडेट करायचेच ठरले, तर चार गोष्टी सांभाळा. हिशेबाची प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवा. मदरबोर्डचा नेमका मॉडेल नंबर पाहून कंपनीच्याच संकेतस्थळावरून फाइल घ्या. बिटलॉकर सुरू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून घ्या, नाहीतर डिस्कवरचा हिशेब कुलपात अडकेल. आणि यूपीएसशिवाय काम सुरू करू नका. अपडेट अर्ध्यावर असताना वीज गेली तर संगणक तिथेच बंद पडू शकतो. पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा आमच्या भागात कोणी द्यावा?

कारागीर दुसऱ्याकडून काम करवून घेताना माल पारखून घेतो. संगणकाच्या मेकॅनिकलाही तसेच विचारावे : अपडेट कशासाठी, कोणती आवृत्ती, आणि बिघडले तर जबाबदारी कोणाची? उत्तर मिळाल्यावरच यंत्र त्याच्या हाती द्यावे.