पुरस्कार आईच्या नावानं, विषय मात्र आमच्या पसंतीचा

आपल्याकडं महिला संमेलनातल्या भाषणाची सुरुवात ठरलेली असते. भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी शिकवली, सुंदरीला अंक शिकवले. मुलींना शिकवण्यात जैन समाज कुणाच्या मागं नाही. टाळ्या पडतात. मीही हे वाक्य दहा-वीस वेळा म्हटलं असेन. अलीकडं मात्र ते तोंडातून निघत नाही. का, ते सांगते.

आमच्या भागातल्या एका ट्रस्टनं आपल्या घरच्या दिवंगत आईंच्या नावानं पुरस्कार ठेवला. समाजातल्या तरुण संशोधक मुलींसाठी. विषय ‘स्त्री आणि विकास’. ऐकून मला फार बरं वाटलं. नाहीतर आपले पुरस्कार म्हणजे दहावी-बारावीचे मार्क, नाहीतर रांगोळी आणि स्तवन. निवड समितीत पाच जण, त्यांत बाई मी एकटी.

एका मुलीचा अर्ज माझ्या मनात भरला. सीमाभागातल्या शेतकरी जैन घरांत बहिणींकडून हक्कसोडपत्रं कशी लिहून घेतली जातात, हे तिला घरोघरी जाऊन विचारायचं होतं. सही करताना कागद वाचून दाखवला का? बदल्यात काय मिळालं? पुढं माहेरी जाणं-येणं कसं राहिलं? साधे प्रश्न होते. बैठकीत एक काका म्हणाले, “विषय चांगलाय हो, पण घराघरांत भांडणं लागतील.” दुसरे म्हणाले, “बाहेरच्यांच्या हातात कोलीत कशाला द्यायचं?” शेवटी पुरस्कार गेला जैन आहार आणि आरोग्य या विषयाला. त्या मुलीबद्दल माझी काही तक्रार नाही, तिनं मेहनत केली होती. पण हक्कसोडीचा अर्ज ज्या कारणानं बाजूला पडला, ते कारण मला पटलं नव्हतं. तरी इतिवृत्तावर मी सही केली.

सही करायची सवय जुनी आहे माझी. माहेरच्या शेताच्या हक्कसोडपत्रावरही मी अशीच सही केली. कागद कन्नडात, माझं सगळं शिक्षण मराठीत. बी.ए. झालेली बाई, अन् कशावर सही करते ते तिला वाचता येत नव्हतं. भाऊ वाईट नाही माझा. दिवाळीला साडी येते, आजारपणात धावून येतो. पण त्या दिवशी कुणी मला विचारलं नाही, आणि मीही कुणाला विचारलं नाही. ती मुलगी नेमकं हेच विचारायला निघाली होती.

घरं फुटतील म्हणतात. अहो, प्रश्न विचारल्यानं फुटणारं घर आधीच तडकलेलं असतं. आणि हे काही चोरून करायचं काम नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा आपल्यालाही लागू आहे. 1994 साली कर्नाटकानं आणि महाराष्ट्रानं त्यात बदल करून तेव्हा लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा दिला. 2005 मध्ये देशभर लग्न झालेल्या-न झालेल्या सगळ्या मुलींना तो मिळाला. 2005 मध्ये वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क राहतो, हे 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं. कायदा इतका पुढं आला, तरी बहिणीची सही होतेच. ती का होते, हे कळायला नको?

दुसरा आक्षेप असा, की “आपल्या बायकांना कमी काय आहे?” आता सुंदरीचे अंक काढूया. 2001 च्या जनगणनेत जैन स्त्रियांची साक्षरता 90.6 टक्के होती, सगळ्या धर्मसमाजांत सर्वांत जास्त. आणि कामकरी म्हणून नोंदल्या गेलेल्या जैन स्त्रिया 9.2 टक्के, सगळ्यांत कमी. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत हजार मुलग्यांमागं मुली 870. देशाची सरासरी तेव्हा 927 होती. 2011 मध्ये आपला आकडा 889 झाला, पण देशाच्या सरासरीच्या खालीच राहिला. मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून खाली बघून चालणाऱ्यांच्या घरांत मुली कमी का, हा प्रश्न विचारणारी मुलगी समाजाची वैरी कशी? आणि त्या 9.2 टक्क्यांत तंबाखूच्या रानात राबणाऱ्या, दुकानाचा हिशेब लिहिणाऱ्या, पापड-लोणची विकणाऱ्या आपल्या किती जणी धरल्या? घरी जनगणनेवाला आला की आपणच सांगतो, “ती काही करत नाही, घरीच असते.”

असल्या संशोधनानं काय होतं, असंही विचारतात. 1971 साली सरकारनं देशातल्या स्त्रियांची स्थिती बघायला समिती नेमली. फुलरेणू गुहा अध्यक्ष होत्या, पुढं वीणा मजुमदार सदस्य-सचिव झाल्या. 1974 चा त्यांचा अहवाल म्हणजे ‘टुवर्ड्‌स इक्वॅलिटी’. देश पुढं चाललाय असं सगळे म्हणत असताना त्या बायकांनी आकडे मांडून दाखवलं, की लोकसंख्येत स्त्रियांचं प्रमाण घटतंय आणि रोजगारातही त्या मागं पडतायत. त्याच वर्षी मुंबईत एस.एन.डी.टी. विद्यापीठात नीरा देसाईंच्या पुढाकारानं स्त्री-अभ्यासाचं केंद्र उभं राहिलं. स्त्रियांच्या प्रश्नांवर आज आपण जे अधिकारानं बोलतो, त्यामागं अशा बायकांनी गोळा केलेली माहिती आहे. तेव्हाही ती सगळ्यांना गोड लागली नसणार.

समारंभाला मी गेले होते. आईंच्या फोटोला हार, समई, शाल-श्रीफळ, सगळं यथासांग. परिचय वाचला गेला: अमक्यांच्या पत्नी, तमक्यांच्या मातोश्री, अतिथीसेवेत तत्पर. शेजारच्या बाईंना मी हळूच विचारलं, “यांचं माहेर कुठलं हो? माहेरचं नाव काय?” त्यांना माहीत नव्हतं. घरच्या सुनेला विचारलं, तिलाही आठवेना. ज्या बाईंच्या नावानं संशोधनाला पैसे देतोय, त्यांच्याच आयुष्याबद्दल आपल्याला एवढंच ठाऊक. त्यांनीही कधी कुठल्या कागदावर सही केली असेल का, हे कोण सांगणार?

आपण अनेकांताचं नाव घेतो. प्रत्येक वस्तूला अनेक बाजू. मग घराची बाजू सांगताना फक्त कर्त्या पुरुषाचीच का ऐकायची?

म्हणून ट्रस्टला मी पत्र लिहिलंय. त्यातल्या मागण्या इथंही देते, म्हणजे तुम्हीही आपापल्या गावात मागाल. विषय आणि निष्कर्ष यांवर देणगीदारांचा हात नको. समितीत निम्म्या तरी बायका असाव्यात, आणि त्यांत या विषयाची जाणकार एखादी समाजाबाहेरची असावी. ट्रॉफीचा खर्च वाचवून एसटीचं भाडं, झेरॉक्स, राहणं-जेवण यांला पैसे द्यावेत. वयाची अट ठेवायचीच असेल, तर बाळंतपणाची आणि मूल सांभाळण्याची वर्षं त्यातून वजा करावीत. आपल्या मुलींची संशोधनाची वर्षं नेमकी तिथंच जातात. आणि काम पूर्ण झालं की ते सोप्या मराठीत आणि कन्नडात लिहून महिला मंडळात वाचून दाखवावं. नुसतं कपाटात ठेवू नये.

उत्तर अजून आलेलं नाही. आलं नाही, तर पुढच्या बैठकीत मी सही करणार नाही. त्या मुलीलाही सांगितलंय, पहिलं घर माझं धर. वही घेऊन ये. माझं हक्कसोडपत्र मी पेटीतून काढून ठेवलंय. आधी मला ते वाचून दाखव.