मालकी आणि वारसा

संगणकाचा विषय निघाला की आपण कला शाखेचे विद्यार्थी 'ते आपले काम नव्हे' म्हणून मोकळे होतो. मला हे पटत नाही. 'पोस्टग्रेस' हा डेटाबेस, म्हणजे माहिती नीट साठवून हवी तेव्हा काढून देणारी प्रणाली. तिची हकिकत यंत्रापेक्षा माणसांचीच अधिक आहे.

१९७० साली एडगर कॉड यांनी माहितीची तक्त्यांच्या रूपात मांडणी करण्याची कल्पना एका निबंधात मांडली. तिच्या आधारे कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात प्रा. मायकेल स्टोनब्रेकर आणि प्रा. युजीन वाँग यांनी 'इन्ग्रेस' घडविली. तिच्या मर्यादा जाणवल्यावर स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये नव्या प्रणालीची उभारणी सुरू केली. इन्ग्रेसनंतरची, म्हणून 'पोस्टग्रेस'. वापरणारे वाढले, तसा संशोधकांचा वेळ डागडुजीतच जाऊ लागला. अखेर ४.२ ही आवृत्ती काढून प्रकल्प बंद करण्यात आला.

एरवी असे काम कपाटात धूळ खात पडते. पण ही आज्ञावली कोणालाही घेण्याची, बदलण्याची मुभा होती. १९९४ मध्ये बर्कलीच्याच अँड्र्यू यू आणि जॉली चेन या दोन विद्यार्थ्यांनी तिला एसक्यूएल ही रूढ झालेली भाषा शिकविली आणि 'पोस्टग्रेस ९५' पुढे आली. मग ठिकठिकाणच्या स्वयंसेवकांनी ती हाती घेतली. १९९६ मध्ये 'पोस्टग्रेसएसक्यूएल' हे नाव ठरले.

नाव बदलले, पण आवृत्तीचा आकडा त्यांनी एकपासून सुरू केला नाही. बर्कलीचाच क्रम पुढे चालवून ६.० असा धरला. पूर्वसूरींचे ऋण मानण्याची याहून साधी रीत मला ठाऊक नाही.

'जे सर्वांचे, ते कोणाचेच नाही' असा आक्षेप कोणी घेईल. तो अगदीच खोटा नाही. राबणारे हात नसतील तर मोकळीक काय कामाची? आज यातील पुष्कळांना कंपन्या पगार देतात, पण मालकी एकाही कंपनीची नाही. म्हणूनच मूळ कर्ते दूर झाल्यावरही दरवर्षी नवी आवृत्ती निघते.

आपणही तीन वर्षांनी येथून जाणार. जाताना आपली टिपणे, मंडळांची दप्तरे पुढच्यांच्या हाती देतो का? की दरवर्षी नव्याने श्रीगणेशा? दोन विद्यार्थ्यांनी बंद पडलेले काम उचलले, कारण आधीच्यांनी ते कुलपात ठेवले नव्हते. ज्ञान टिकते ते असे.