घरच्या डब्यातली गोळी

गिरणगावातल्या बायका तान्ह्या मुलांना अफू देत, हे आपण ऐकून असतो. आकडा वाचला की मात्र दचकायला होते. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या बाईंनी 1922 मध्ये लिहून ठेवले, की कामकरी बायकांच्या शंभरातल्या 98 बाळांना अफू दिली जाते. आई पाळीवर गेली की पोराने निजून राहावे, एवढाच हेतू. त्या आईला नावे ठेवणे सोपे आहे. बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा मुंबई इलाख्यात आला तोच 1929 साली!

गिरण्या गेल्या. नोकरदार बाई आता बोरिवली-मुलुंडहून लोकल पकडते. अफूचे गोत्र मात्र घरात आहेच, फक्त चकचकीत पट्टीत. खोकल्याच्या काही औषधांतले कोडीन अफूतच सापडते. ट्रामाडॉल कारखान्यात बनते, पण काम त्याच जातीचे. सासऱ्यांच्या ऑपरेशननंतर उरलेली पट्टी डब्यात असते. सातव्या महिन्यातली सून कंबर धरून घरी येते. 'यांना लागू पडली होती, अर्धी घे,' असे प्रेमानेच सांगितले जाते.

एका गोळीने आकाश कोसळत नाही. प्रश्न येतो तो रोज घेण्याचा. आईला मळमळ, बद्धकोष्ठ, गुंगी. मात्रा फार झाली तर श्वासच मंदावतो. औषध वारेतून बाळापर्यंत पोचते आणि त्यालाही सवय लागते. नाळ कापली की त्याचा पुरवठा एकदम बंद! मग पहिल्या काही दिवसांत कर्कश रडणे, थरथर, धड दूध न ओढणे. यावर उपचार आहेत, पण डॉक्टरांना आधी माहीत हवे. आणि हे वाचून कुणी घाबरून गोळी एकाएकी बंद करू नये. सवय झालेल्या गर्भवतीला तेही धोक्याचे. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच पुढचे ठरवावे.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला नोंदवहीचे कौतुक. 2014 पासून अशी औषधे विकताना केमिस्टने डॉक्टरचे व रोग्याचे नाव वेगळ्या वहीत लिहायचे, वही तीन वर्षे जपायची. 2018 मध्ये ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आले. चोख व्यवस्था. पण घरच्या डब्याला वही नसते.

मग बाईने दुखणे सोसायचे का? मुळीच नाही. आमच्या एका शाखेत आठव्या महिन्यातल्या कॅशियर बाईंनी काउंटरऐवजी टेबलाचे काम मागितले, तर 'आमच्या आया शेतात राबल्या' हे उत्तर मिळाले. अशा उत्तरांमुळेच दुखणे डब्याकडे वळते. कंबरेसाठी विश्रांती, व्यायाम, डॉक्टरांनी सांगितलेली पॅरासिटामॉल असे मार्ग आहेत. मुतखडा किंवा ऑपरेशनसारख्या तीव्र वेदनेत डॉक्टर अफूवर्गातले औषधही मोजके दिवस देतात, आणि ते योग्यच.

तपासणीला गेल्यावर डॉक्टर विचारतात, 'काही औषधे चालू आहेत?' सून सासूकडे बघते, सासू म्हणते, 'छे, काही नाही.' त्यापेक्षा ती पट्टीच पिशवीत घालून न्यावी. नाव सांगता आले नाही तरी डॉक्टरांना वाचता येते.